झाकणकाकांचा हात

आमच्या गावातल्या सिनेमागृहात यंत्र चालवणाऱ्या माणसाला मुलं झाकणकाका म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या अंदाजाने आवडतही होतं. एकदा रस्त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या तोंडून चुकून निघून गेलं, "झाकणकाका, कसे आहात?" ती पोर जीभ चावून लालबुंद झाली. काका शांतपणे म्हणाले, "घट्ट आहे अजून."

हे नाव त्यांच्या उजव्या हातामुळे पडलं होतं. जुन्या काळी चित्रपटाच्या रिळांचे डबे येत आणि जसे आले तसेच परत पाठवावे लागत. त्यातला एक तुकडाही कापायची सोय नव्हती. शाळेच्या मुलांना चित्रपट दाखवायचा असला आणि मध्येच एखादा खून, एखादं नको ते दृश्य आलं, तर करायचं काय? काका यंत्रासमोर हात धरत. भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून निघणारा झोत त्यांच्या पंजावर अडायचा आणि पडद्यावर पाच बोटांची अवाढव्य सावली पडायची. आधी बोटं फाकलेली, मग ती मिटत आणि सगळं काळं. आवाज मात्र चालूच. खाली अंधारात तीनशे पोरं एका सुरात ओरडत, "झाकण पडलं!" पडद्यामागे तलवारी खणखणत असत आणि आम्ही शिक्षक "शू, शू" करत रांगांमधून फिरत असू. खरं सांगायचं तर मुलं चित्रपटापेक्षा त्या हातासाठीच येत. पुढे रिळं गेली, नवं यंत्र आलं, एक बटण दाबलं की चित्र थांबेल अशी व्यवस्था झाली. पण काकांचा हात होता तिथेच राहिला. यंत्र थांबवलं की मुलं चुळबुळतात, हात आला की हसतात, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. जिना एकच, त्यामुळे कुणाच्या घरी केव्हा दूध उतू गेलं तेही एकमेकांना कळतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी परिचारिका, नवरा गेल्यावर दूरदेशीच्या एका मोठ्या इस्पितळात तिला नोकरी लागली, आणि आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला इथे काकांकडे ठेवून ती गेली. "वर्षभरात येते," म्हणाली होती. वर्षाची चार झाली. कधी रजा नाही, कधी कागद अडकले, कधी तिकिटांचं जमलं नाही. मुलगी वाईट नव्हती हो. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, आणि येईपर्यंत काका हातातला चहाचा कप खाली ठेवत नसत आणि पीतही नसत.

नातीला ते ठिणगी म्हणत. नाव अगदी चपखल. काटकुळी, उंच, राग सदा नाकावर, आणि बोलणं असं की समोरच्याने आधी हसावं आणि मग चिडावं. सुरुवातीला ती फोनला चिकटून बसायची. मग हळूहळू बोलणं आखडत गेलं. शेवटी शेवटी तर ती फोन उचलून, "हो. बरी आहे. जेवले," एवढं म्हणायची आणि लगेच, "आजोबा, तुमचा फोन!" जिन्यातून मला ते ऐकू यायचं. काका मग मुलीशी मोठ्या उत्साहाने बोलत, ठिणगीचे मार्क सांगत, तिची उंची सांगत. ज्या गोष्टी नातीने सांगायच्या त्या सगळ्या तेच सांगत.

त्या वर्षी बातमी आली की आई येणार. नक्की. तिकीट काढलंय. काका दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येऊन मला सांगून गेले. त्यांच्या मागोमाग ठिणगी आली, कठड्याला टेकून उभी राहिली.

"काय गं, आनंद झाला ना?" मी विचारलं.

"येऊ दे की," ती म्हणाली. "पाहुणे येतातच लोकांकडे."

आणि त्याच महिन्यात शाळेने मुलांना तो चित्रपट दाखवायचं ठरवलं.

चित्रपट इतिहासावरचा होता, युद्धाच्या वर्षांवरचा. मी इतिहास शिकवत असे, म्हणून आधी बघून ठरवायची जबाबदारी माझ्यावर होती. सोबत मुख्याध्यापिका आणि पालकांच्या वतीने आमच्या गावचे दातांचे डॉक्टर. आम्ही तिघं सकाळी रिकाम्या सिनेमागृहात जाऊन बसलो. झाडूवाली बाई खुर्च्यांखालून मक्याच्या लाह्या ओढत होती. तिलाही आम्ही बसवून घेतलं.

चित्रपट संथ, करडा. शहरावर बाँब पडायला लागतात आणि सरकार लहान मुलांना आगगाड्यांमध्ये बसवून लांबच्या खेड्यांत, अनोळखी घरांत पाठवतं. एक भाऊ, एक धाकटी बहीण. मोठा दहाचा, धाकटी तीन-साडेतीनची. एका शेतकऱ्याच्या घरी ती वाढतात. भाऊ तापाने जातो. जळलेली गल्ली आहे, मेलेला घोडा आहे. शेवटी युद्ध संपतं आणि आई मुलीला न्यायला येते. दारात उभी राहते, हाक मारते. मुलगी तिला ओळखतच नाही. शेतकरणीच्या कमरेला मिठी मारून तोंड लपवते. आई पुन्हा हाक मारते. मग बराच वेळ पडद्यावर फक्त आईचा चेहरा. त्यानंतर दोघी गाडीत शेजारी-शेजारी बसलेल्या, खिडकीबाहेर शेतं, आणि संपलं.

डॉक्टर चित्रपटभर एकेका मृत्यूला एकेक बोट मिटत होते. घोडा पडला तेव्हा माझ्याकडे झुकून कुजबुजले, "बाई, घोडा धरायचा का?"

नंतर मॅनेजरच्या खोलीत चहा-बिस्किटांवर चर्चा झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलांना कळायला हवं. आपण किती दिवस त्यांना दोन मार्कांची उत्तरंच पाठ करायला लावणार?"

"कळू दे ना," डॉक्टर म्हणाले, "पण घोड्याशिवाय कळू दे. माझा धाकटा दूधवाल्याचा कुत्रा लंगडला तरी जेवत नाही."

"धाकट्यांना नकोच," मी म्हटलं. "पाचवी ते सातवी नको. भाऊ जातो तिथे ती मुलं हबकतील, आणि हा संथपणा त्यांना सोसायचाही नाही. आठवीपासून पुढे मात्र दाखवावा. त्या वयात मुलं अशा गोष्टी एकटीएकटीच मनात घोळवत असतात. निदान सगळी मिळून बघतील, नंतर वर्गात बोलता येईल."

शेवटी तसंच ठरलं. जळलेल्या गल्लीवर आणि घोड्यावर काकांनी हात धरायचा. काकांना खाली बोलावून सांगितलं. ते उभ्यानेच ऐकत होते.

"आणि दारावर," ते म्हणाले.

"कुठलं दार?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"आई न्यायला येते ते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टर हाताची बोटं तपासून म्हणाले, "तिथे तर कुणी मरतच नाही हो."

"हात मी तिथे धरणार," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "नाहीतर यंत्र दुसऱ्याने चालवावं."

गावात दुसरं कोण होतं यंत्र चालवणारं? मुख्याध्यापिका हसल्या, म्हणाल्या, "बरं बाबा, धरा. तुमचा हात, तुमचं दार." विषय संपला. डॉक्टरांना रुग्ण होते, मुख्याध्यापिकांना शाळा होती. मी मात्र जिना चढून वर यंत्राच्या खोलीत गेले. ठिणगी आठवीत होती. काकांच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं. म्हणजे, दिसतंय असं वाटत होतं.

खोली अरुंद, उबदार, गरम लोखंडाचा वास असलेली. काका स्टुलावर बसून खिडकीतून खाली बघत होते आणि रिकाम्या सिनेमागृहात पडद्यावर तोच प्रसंग चालू होता. आई दारात. हाक. प्रसंग संपला की ते मागे नेत, पुन्हा लावत. हात मांडीवर होता.

"ठिणगीसाठी ना?" मी विचारलं.

"तिला त्या दिवशी शाळेत काही काम देता येईल का? वह्या लावायच्या, नकाशे झटकायचे, काहीही."

"अख्खा वर्ग सिनेमाला आणि ती नकाशे झटकणार? तुम्हाला घरी राहू देईल का ती?"

ते हसले नाहीत. पुन्हा आईचा चेहरा आला. नटी फार काही करत नव्हती. हाक मारून झालेली, ओठ अजून तसेच अर्धवट उघडे. आधी तिला वाटतं मुलगी लाजली असेल. मग तिला कळतं. बस, एवढंच.

"मी गेलो होतो असल्या गाडीतून," काका म्हणाले. "चार वर्षांचा होतो. तीन वर्षं तिकडेच. आई न्यायला आली तेव्हा मी हेच केलं. त्या घरच्या बाईच्या मागे लपलो, तोंड दाबून धरलं तिच्या पाठीत. तिथल्या कपड्यांचा वास आठवतो मला अजून, साबणाचा. आईचं मात्र काहीच आठवत नाही. मी बघितलंच नाही ना तिच्याकडे."

मी कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून बसले.

"पुढे आई आयुष्यभर लोकांना विनोद म्हणून सांगायची, माझा लेक मला बघून पळाला, मी एवढी का वाईट दिसत होते. सगळे हसायचे. ती हसायची, मीही हसायचो. विचारायचं राहूनच गेलं." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "बाई, तिचा चेहरा असाच झाला असेल का हो?"

मी म्हटलं, "असेल." त्यांनी प्रसंग परत मागे नेला. मी खाली उतरले तेव्हा ती आई पुन्हा दारात येत होती.

खेळाच्या दिवशी आठवी ते दहावीचे सगळे वर्ग भरून बसले. जळलेल्या गल्लीवर हात आला, "झाकण पडलं!" झालं. घोड्यावर आला, पुन्हा आरोळी. भाऊ गेला तेव्हा मात्र सगळी चिडीचूप झाली, कुणीतरी मागच्या रांगेत नाक ओढलं. मला वाटलं, बरं केलं आपण यांना आणलं.

मग दार आलं. आईने अंगणात पाऊल टाकलं आणि पडद्यावर बोटं पसरली, मिटली.

सवयीने निम्मी पोरं ओरडलीच, "झाकण!" आणि हशा. त्या हशातच अंधारातून आईची हाक आली. एकदा. हशा विरला. मग दुसऱ्यांदा. मग काहीच नाही, नुसता वारा आणि कुठेतरी कोंबड्या. मुलं वाट बघत राहिली. मधल्या रांगेतून एक काटकुळी आकृती उठली, मागे वळली, आणि वर खिडकीकडे तोंड करून ओरडली, "आजोबा, हात काढा!"

हात निघाला नाही. निघाला तेव्हा आई आणि मुलगी गाडीत शेजारी-शेजारी बसल्या होत्या. टाळ्या वाजल्या.

बाहेर पडताना नववीची दोन मुलं माझ्यापुढे चालत होती. एक म्हणाला, "शेवट गोड होता यार." मुख्याध्यापिका मला कोपराने खुणावून म्हणाल्या, "बघा, काही घाबरली-बिबरली नाहीत." खरंच होतं ते. एवढ्या दुःखाच्या चित्रपटातून मुलं सहलीवरून परतावीत तशी निघाली होती. त्यांनी वर्गात काय विचारायचं, तेच आम्ही झाकून ठेवलं होतं.

संध्याकाळी जिन्यात आवाज चढले.

"ती दोनदा हाक मारते," ठिणगी म्हणत होती. "मुलगी ओ का देत नाही?"

"देते गं. पुढे गाडीत बसलेली दिसली ना?"

"गाडीत बसली म्हणजे ओ दिली असं होतं का? मला काय पाचवीतली समजता?"

"ठिणगे, जेवून घे."

"खुनाला हात धरा, घोड्याला धरा. आईला कशाला धरता? आई काय बघण्यासारखी नसते?"

थोड्या वेळाने माझ्या दारावर टकटक झाली. ठिणगी. डोळे सुजलेले, हनुवटी मात्र वर.

"बाई, आजोबा उद्या सकाळी मला तेवढाच भाग दाखवणार आहेत. कबूल केलंय. पण माझा भरवसा नाही त्यांच्यावर. तुम्ही वर त्यांच्याजवळ बसा आणि हात धरू देऊ नका."

"मी त्यांचा हात कसा धरणार गं?"

"तुम्ही शिक्षिका आहात ना? डोळे वटारा."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या अरुंद खोलीत होते, दुसऱ्या स्टुलावर. खाली सगळ्या खुर्च्यांमध्ये एकच डोकं. काकांनी यंत्र सुरू केलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले, लहान मुलं थंडीत बसतात तसे. डोळे वटारायची वेळ माझ्यावर आली नाही.

आई आली. हाक मारली. मुलगी लपली. दुसरी हाक. मग तो चेहरा, सबंध. काका पडद्याकडे बघत नव्हते. ते खाली त्या डोक्याकडे बघत होते. डोकं हललं नाही. गाडी आली, शेतं आली, अक्षरं आली, दिवे लागले.

मग पायऱ्या वाजल्या आणि ठिणगी वर आली, दाराच्या चौकटीत टेकली. रडलेली नव्हती. विचारात होती.

"मी असंच करणार होते," ती म्हणाली.

"काय असंच?" काकांनी विचारलं.

"आई आली की तुमच्या मागे जाऊन उभी राहणार होते. ओ द्यायचीच नाही. ठरवूनच टाकलं होतं. मुद्दाम."

"मुद्दाम कशाला गं?"

"तिला कळावं म्हणून." तिने चौकटीच्या रंगाचा पापुद्रा नखाने सोलायला सुरुवात केली. "पण ही मुलगी मुद्दाम नाही करत. हिला खरंच नाही आठवत."

"नाही आठवत," काका म्हणाले. "मलाही नव्हती आठवत."

"तुम्हाला कुणाची?"

मग त्यांनी तिला सांगितलं. मला सांगितलं होतं तेवढंच, पण जास्त हळू, मध्येमध्ये थांबत. आगगाडी, ते घर, साबणाचा वास. ती ऐकता ऐकता जमिनीवर बसली. पणजी तिने फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिली होती, कडक चेहऱ्याची म्हातारी. त्या म्हातारीला कुणी ओ दिली नव्हती हे तिच्या पचनी पडेना.

"मग तुम्ही तिला आई कधी म्हणालात?"

"ठरवून असं नाही म्हणालो. बरेच दिवस तर मी तिला काहीच म्हणत नसे. 'पाणी पाहिजे' म्हणायचो, 'झोप आली' म्हणायचो, सगळं भिंतीला सांगितल्यासारखं. मग एकदा अंगणात पडून गुडघा फुटला आणि तोंडातून आपोआप निघालं."

"आणि ती?"

"तिने गुडघा धुतला. काही बोलली नाही. फार वेळ धुतला पण."

ठिणगी हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा बिघडला. काकांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला. मी चष्मा पुसत दुसरीकडे बघत राहिले. यंत्राचा पंखा घरघरत होता.

"मला तिचा आवाज आठवतो," ती थोड्या वेळाने म्हणाली. "फोनमुळे. चेहरा आठवायला गेलं की फोटोतलाच येतो. हलत नाही तो. हे तिला सांगायचं नव्हतं मला."

"म्हणून बोलत नाहीस?"

तिने हो म्हणून मान हलवली.

शाळेत मी मुख्याध्यापिकांना म्हटलं की तिन्ही वर्गांना तो एक प्रसंग परत दाखवू, आणि या वेळी पूर्ण. त्या आधी वैतागल्या, मग तयार झाल्या. डॉक्टरांचा होकार तर सर्वांत आधी आला. तिथे कुणी मरत नाही हे त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. वर्गात मात्र तास संपल्याची घंटा होऊन गेली तरी मुलं उठेनात. "शेवट गोड होता" म्हणणाऱ्या त्या मुलाने विचारलं, "बाई, मग चूक कुणाची?" मी उत्तर दिलं नाही. इतरांनी दिली, भरपूर, आणि त्यातली दोन मुलं तर एकमेकांशी भांडलीच.

पुढच्या रविवारी सकाळी मी जिन्यातली कुंडी पुसत होते. ती कुंडी पुसण्याइतकी मळलेली नव्हती हे कबूल करते. वर फोन वाजला. काका कप हातात घेऊन दारातच उभे होते; फोनकडे गेले नाहीत. ठिणगीने उचलला.

"हो. बरी आहे." मला वाटलं, आता येणार, आजोबा तुमचा फोन.

"आई," ती म्हणाली, "तू घरी नको येऊस. अगं म्हणजे येच, पण एकदम दारात नको. मी स्टेशनवर येते. हो, मीच. आजोबा पण. ऐक ना, तू काय घालणार आहेस? मला गर्दीत कळायला हवं."

पलीकडून बराच वेळ काही आलं नसावं, कारण ती कान फोनला दाबून वाट बघत उभी होती. मग तिने पटकन भिंतीकडे तोंड केलं.

"निळा म्हणजे कुठला? फिका की गडद? नीट सांग."